कुराता-सानचा दुभाष्या

बुद्धभूषण ओव्हाळने जपानी शिकावं, असं घरात कुणालाही वाटलं नव्हतं. वडील धोंडिबा खडकीच्या कारखान्यात हेल्पर होते, घर दापोडीत. मुलाने आयटीआय करून कुठेतरी चिकटावं, एवढीच त्यांची इच्छा. पण भूषण अकरावीत असताना दापोडीच्या विहारात एक जपानी भिक्खू आले. मंडळाने हार घातले, खीर वाढली, आणि मग कुणालाच काही बोलता येईना. भिक्खू मनापासून काहीतरी सांगत होते, सांगताना त्यांचा आवाज भरून येत होता, आणि समोर बसलेली सगळी वस्ती नुसती हसून मान हलवत होती. भूषणला ते बघवलं नाही. पुढच्याच महिन्यात त्याने टिळक रस्त्यावरच्या संध्याकाळच्या वर्गात नाव घातलं.

"जपानला कोण विचारतंय तुला?" धोंडिबा म्हणाले होते. काही वर्षांनी चाकणच्या कारखान्यांत जपानी साहेब येऊ लागले आणि भूषणला रोज गाडी न्यायला यायला लागली, तेव्हा तेच धोंडिबा गल्लीतल्या लोकांना सांगायचे, "पोराच्या तोंडून दोन देश बोलतात."

भूषणचं लग्न दीपालीशी झालं. ती महापालिकेच्या शाळेत शिक्षिका. धोंडिबा गेल्यावर दापोडीचं घर सोडून सगळे वारज्याला फ्लॅटमध्ये आले: भूषण, दीपाली, मुलगी पूर्वा आणि आई कांताबाई. भूषणने वेल्डिंगच्या, रंगाच्या, संपाच्या, अपघाताच्या, सगळ्या प्रकारच्या बोलण्यांची भाषांतरं केली. पण त्याचा जीव खरा रमला तो खराडीच्या एका कंपनीत मिळालेल्या कामात.

कंपनी हिंमतराव घुल्यांची. उसाचा रस गाळल्यावर कारखान्यात एक काळा चोथा उरतो. तो उघड्यावर कुजला की त्यातून वायू सुटतो, आणि तो हवा धुरापेक्षाही जास्त तापवतो. हिंमतरावांना मांजरी गावाच्या पलीकडे प्रकल्प उभारून त्या चोथ्याचा गॅस करायचा होता. त्यासाठीची यंत्रं आणि निम्मा पैसा जपानची एक कंपनी देणार होती. तिच्या वतीने बोलणी करायला यायचे ते कुराता. जपानी रीतीने नावापुढे 'सान' लावायचं, आपल्याकडच्या 'राव'सारखं, म्हणून कुराता-सान. साठीकडे झुकलेले, बारीक, कायम घसा खाकरणारे. त्यांना इंग्रजी येत नव्हतं. भारतात त्यांनी जे काही ऐकलं, जे काही सांगितलं, ते सगळं भूषणच्या तोंडून.

"तुझं काम तरी काय असतंय रे तिथं?" एकदा लसूण सोलता सोलता कांताबाईंनी विचारलं.

"आई, जपानला त्यांचा धूर कमी करायचाय. त्यांनी बराच केला, पण उरलेला कमी करायला तिकडे फार महाग पडतं. म्हणून ते इथे पैसा घालणार. इथला धूर कमी होणार. जेवढा कमी झाला त्यातला काही वाटा त्यांच्या नावावर, काही आपल्या."

"म्हंजी धूर आपला आन् पुण्य त्यांचं?"

"पुण्य वाटून घ्यायचं."

"आन् दोघांनी बी सगळं आपल्याच नावावर लिव्हलं तर?"

भूषण हसला. "त्यासाठीच तर एवढ्या बैठका. त्यांच्या नावावर जेवढं गेलं, तेवढं आपल्या खात्यातून वजा व्हायला पाहिजे. ते कुणी मोजायचं, कुणी तपासायचं, हे दोन्ही सरकारांनी मिळून ठरवायचंय. एकदा करार झाला की आमच्यासारखे कितीतरी प्रकल्प सुरू होतील. तोवर आम्ही नुसती तयारी करतोय."

ती तयारी वर्षानुवर्षं चालली. करार आज होईल, उद्या होईल, असं दिल्लीहूनही यायचं आणि तोक्योहूनही. दरम्यान खराडीच्या कचेरीत टेबलाच्या एका बाजूला हिंमतराव, दुसऱ्या बाजूला कुराता-सान आणि मध्ये, जरा मागे सरकून, भूषण. हिंमतराव तिरकस बोलणारे. कुराता-सान सरळ नाही कधीच न म्हणणारे. एकदा यंत्रांच्या देखभालीवरून बोलणी अडली. कुराता-सान बराच वेळ गप्प राहून म्हणाले, "अवघड आहे." हिंमतरावांना वाटलं, म्हणजे होईल, फक्त अवघड आहे. ते खूश होऊन चहा सांगायला निघाले. भूषण हळूच म्हणाला, "साहेब, ते 'अवघड आहे' म्हणतात, म्हणजे 'नाही' म्हणतायत."

"मग पुण्याचेच म्हणा की," हिंमतराव म्हणाले.

भूषणने हेही कुराता-सानना सांगितलं. ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्या दिवशी अडलेली बोलणी पुढे सरकली.

२०२५च्या जानेवारीतली गोष्ट. गॅसची मोजणी कुणी तपासायची, यावर सकाळपासून बैठक चालली होती. कुराता-सान बरंच बोलले. भूषणने ते ऐकून घेतलं, हिंमतरावांकडे वळला आणि म्हणाला, "कुराता-सान म्हणतात, मोजणी दर..." आणि थांबला. सगळ्यांना वाटलं, शब्द शोधतोय. मग तो पुन्हा बोलू लागला, पण जपानीत.

"ओव्हाळ, मी घुले," हिंमतराव म्हणाले. "जपान त्या बाजूला."

सगळे हसले. भूषणही हसला. पण हसत तो कुराता-सानकडे वळला, आणि त्याचा अर्धाच चेहरा हसतोय हे फक्त त्यांनाच दिसलं. ते खुर्ची मागे लोटून उभे राहिले आणि ओरडले, "क्युक्युशा! क्युक्युशा!"

त्या शांत माणसाला कुणी कधी ओरडताना पाहिलं नव्हतं. एक इंजिनिअर पुटपुटला, "चिडलेत ते. मोजणीचं काहीतरी खटकलं." हिंमतरावांनी हात जोडले, "बसा, बसा, प्लीज." कुराता-सान ओरडतच होते, दाराकडे बोट दाखवत होते, आणि बाकीच्यांना वाटत होतं ते बैठक सोडून चाललेत. शेवटी त्यांनी भूषणचा चेहरा दोन्ही तळव्यांत धरला आणि हिंमतरावांकडे वळवला. तेव्हा कुठे खोलीतल्या लोकांना कळलं की ते रुग्णवाहिका बोलवा म्हणतायत.

नंतर हॉस्पिटलात हिंमतराव दीपालीपुढे उभे राहिले, तेव्हा त्यांचा नेहमीचा सूर कुठल्या कुठे गेला होता. "वहिनी, ते काय ओरडतायत हे विचारायला आम्ही सगळे भूषणकडेच बघत होतो हो," ते म्हणाले आणि तोंड फिरवून खिडकीशी गेले.

मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी झाली होती. जीव वाचला. उजवा हात उचलेना, पाय ओढला जायला लागला, आणि बोलणं पार गेलं. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर बरं झालं असतं. हे ते प्रत्येकाला म्हणत असतील, पण दीपालीच्या मनात ते कायमचं रुतलं.

काही दिवसांनी सकाळी कांताबाई त्याच्या पलंगाशी बसून वंदना म्हणायला लागल्या. त्रिशरण म्हणून झालं, पंचशील सुरू झालं, आणि एकदम त्यांच्या आवाजात दुसरा आवाज मिसळला. भूषण म्हणत होता. डोळे मिटून, एकही शब्द न चुकता, शेवटपर्यंत. दीपाली धावत जाऊन नर्सला घेऊन आली. "बोलायला लागले! ऐका तरी!" नर्सने हसून विचारलं, "काका, पाणी देऊ का?" भूषणने तोंड उघडलं. ओठ हलले. गळ्यातून नुसता घोगरा आवाज निघाला. तो स्वतःच घाबरला आणि रडायला लागला. डॉक्टरांनी समजावून सांगितलं, लहानपणी पाठ केलेलं मेंदूत वेगळ्या ठिकाणी राहतं, आपलं मनातलं बोलणं वेगळ्या ठिकाणी. कांताबाईंना ते पटलं नाही. पण त्यानंतर त्या त्याच्यासमोर वंदना मनातल्या मनात म्हणू लागल्या.

वारज्याला घरी आल्यावर मराठी हळूहळू परत आली. पहिला शब्द आला 'नको'. मग 'आई'. मग दीपालीचं नाव, तेही अर्धंच. स्पीच थेरपिस्ट बाई आठवड्यातून दोनदा यायच्या. फेब्रुवारी संपेपर्यंत तो थांबत थांबत छोटी वाक्यं बोलायला लागला. जपानी मात्र आली नाही. पूर्वाने मोबाइलवर जपानी बातम्या लावून पाहिल्या, दीपालीने त्याची जुनी पुस्तकं उशाशी आणून ठेवली. तो पान उघडून बघत राहायचा. अक्षरं ओळखीची वाटायची, शेजारच्या माणसाचा चेहरा ओळखीचा असावा आणि नाव आठवू नये तशी. एक दिवस त्याने पुस्तकं डाव्या हाताने पलंगाखाली ढकलली.

"राहू द्या ना," दीपाली म्हणाली. "डॉक्टर म्हणाले, येईल कदाचित."

"नको," भूषण म्हणाला.

त्याच्या जागी कंपनीने रविराज नावाच्या तरुण दुभाष्याला घेतलं. मुलगा सज्जन होता. एका रविवारी तो पेरूंची पिशवी घेऊन वारज्याला आला, बराच वेळ संकोचून बसला आणि मग म्हणाला, "सर, एक विचारू? 'सोतो-चोसेइ'ला तुम्ही मराठीत काय म्हणायचात? मी 'अनुरूप समायोजन' म्हणतो तर घुलेसाहेब म्हणतात, ओव्हाळ सांगायचे तेव्हा कळायचं, तुझं काही कळत नाही."

भूषणला माहीत होतं की तो शब्द अगदी साधा होता. तो शब्द उच्चारताना समोरच्या माना कशा हलायच्या, तेही त्याला आठवत होतं. त्याने डोळे मिटले, कपाळावर हात मारला, तोंडातल्या तोंडात दोन-तीनदा काहीतरी म्हणून पाहिलं. रविराज म्हणाला, "राहू द्या सर, राहू द्या."

स्वयंपाकघरातून कांताबाई म्हणाल्या, "वजा रं! त्यांच्या नावावर गेलं की आपल्यातनं वजा. मला सांगितलं व्हतं त्यानं."

"वजावट," रविराज म्हणाला. "हो, बरोबर." तो आनंदाने भूषणकडे वळला. भूषणच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या.

मार्च संपताना कुराता-सान निवृत्त होणार होते. त्याआधी ते एकदा पुण्याला आले आणि थेट वारज्याला आले, बरोबर रविराज. दारात बूट काढताना ते इतके वाकले की पूर्वाला वाटलं पडतील. भूषण पलंगावर बसला होता. कुराता-सान खुर्ची सोडून त्याच्यासमोर जमिनीवर बसले आणि बोलायला लागले.

भूषण त्यांच्या ओठांकडे बघत होता. आवाज ओळखीचा होता. हे कुठे दम घेणार, कुठे घसा खाकरणार, सगळं त्याला ठाऊक होतं. फक्त अर्थ येत होता तो रविराजच्या तोंडून.

"ते म्हणतायत," रविराज खाली बघत म्हणाला, "मी इतकी वर्षं इथे आलो, तुम्ही माझं प्रत्येक वाक्य उचललंत. आणि मी तुमच्या भाषेतला एकही शब्द शिकलो नाही. गरजच पडली नाही, कारण तुम्ही होतात. त्या दिवशी मला एक शब्द येत असता तर... तेवढा वेळ वाया गेला नसता." रविराज थांबला. "ते म्हणतायत, मला क्षमा करा."

भूषणने डावा हात पुढे करून कुराता-सानच्या खांद्यावर ठेवला. त्याचं वाक्य तयार व्हायला वेळ लागला.

"तुम्ही... ओरडलात," तो म्हणाला. "बाकीचे... हसत होते. तुम्ही ओरडलात."

रविराजने ते जपानीत सांगितलं. कुराता-साननी खिशातून रुमाल काढला, डोळे पुसले, ताठ बसले आणि शाळेतल्या मुलासारखं मराठीत म्हणाले, "दवाखाना. रवकर चरा. हा माणूस आजारी आहे."

विमानात पाठ केलं होतं, रविराज म्हणाला. दीपाली उठून आत गेली.

"ल," भूषण म्हणाला. "रवकर नाही. ल... लवकर."

"रवकर."

"ल." भूषणने जीभ टाळूला लावून दाखवली. कुराता-सान त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत होते. पाच-सहा वेळा झालं. शेवटी त्यांना 'लवकर' म्हणता आलं, आणि भूषणने मान हलवली. दुखणं झाल्यापासून त्याच्या चेहऱ्यावर तसं समाधान घरातल्यांनी पाहिलं नव्हतं. मग कुराता-सान निघाले. भूषण जिन्यापर्यंतच जाऊ शकला. पुन्हा भेट होणार नाही हे दोघांनाही कळत होतं, आणि ते कुठल्याच भाषेत कुणी बोललं नाही.

ऑगस्टमध्ये दोन्ही सरकारांच्या सह्या झाल्या. दीपालीने पेपरातली बातमी वाचून दाखवली. आतल्या पानावर होती, छोटीच. कार्बन क्रेडिटसाठी भारत आणि जपान एकत्र काम करणार, दोन्ही देशांची मिळून एक समिती होणार, वगैरे. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते झालं होतं.

"झालं," भूषण म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. दीपालीने पेपरची घडी घालून तो त्याच्या उशाशी ठेवला.

घरात एक नवीनच सवय सगळ्यांना लागली होती. भूषणने तोंड उघडलं की पुढचं वाक्य कुणीतरी पूर्ण करायचं. "मला..." म्हटलं की पूर्वा विचारायची, "पाणी? पंखा? चष्मा?" सगळं प्रेमानेच. एक दिवस डाव्या हाताची मूठ पलंगावर आपटून तो तिच्यावर ओरडला, नुसताच ओरडला. ती घाबरून रडायला लागली. मग त्याने तिला जवळ बसवलं आणि तुटक तुटक सांगितलं, "कुराता-सान... थांबायचे. माझं होईपर्यंत. मी मध्ये बसायचो ना... सगळे माझ्यासाठी थांबायचे. आता... कोणी नाही."

त्यानंतर पूर्वा थांबायला शिकली. बाहेरची माणसं कशी शिकणार?

पुढच्या जानेवारीत मांजरीच्या पलीकडे प्रकल्पाच्या कामाचा शुभारंभ होता. भूषणला जायचं नव्हतं. दीपालीनेच आग्रह केला, त्याला इस्त्रीचा शर्ट घातला, गाडी बोलावली. मंडपात दोन्ही देशांचे झेंडे होते. गावातली माणसं होती, ऊस कारखान्याचे लोक होते, कुराता-सानच्या जागी आलेल्या एक तरुण बाई होत्या. रविराज त्यांच्याशेजारी उभा राहून बोलत होता, आणि चांगलं बोलत होता. भूषण मागच्या रांगेत काठी गुडघ्यांमध्ये धरून बसला होता.

हिंमतराव बोलायला उभे राहिले तेव्हा म्हणाले, "आज इथे जे काही उभं राहतंय, ते एका माणसाच्या आवाजावर. ओव्हाळ, दोन शब्द बोला. तुम्ही बोलल्याशिवाय कार्यक्रम पुरा होणार नाही." त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. माइक हातोहात मागे आला. दीपालीने भूषणला धरून उभं केलं.

"नमस्कार," भूषण म्हणाला. मग थांबला. मंडप शांत झाला. तो दीपालीकडे बघत नव्हता, समोर बघत होता, आणि त्याच्या कपाळाची शीर ताठ झाली होती. दीपालीला कळलं की वाक्य येतंय. अजून थोडं. "मी... दोन्ही..."

पुढच्या रांगेतल्या कुणाला तरी ते बघवलं नसावं. त्याने टाळी वाजवली. लगेच सगळ्यांनी वाजवल्या. टाळ्या वाढत गेल्या, काही माणसं उभी राहिली, जपानी बाईही उभ्या राहून वाजवू लागल्या. भूषणचे ओठ हलत राहिले. मग त्याने माइक खाली केला आणि बसला.

परतताना हडपसरला गाडी वाहतुकीत अडकली. ड्रायव्हर इंजिन बंद करून मोबाइल बघायला लागला. भूषण खिडकीबाहेर बघत होता.

"काय म्हणायचं होतं तुम्हाला?" दीपालीने विचारलं.

त्याने मान हलवली. बऱ्याच वेळाने तो बोलायला लागला. एकेक शब्द मागून ढकलल्यासारखा येत होता, आणि ती मध्ये एकदाही बोलली नाही.

"चहाला थांबलो... की घुलेसाहेब मला बाजूला घ्यायचे. विचारायचे, हा माणूस... फसवणार नाही ना आपल्याला? मग कुराता-सान. जिन्यात. तेही... तेच. फसवणार नाहीत ना? दरवेळी. दोघंही घाबरलेले. एकमेकांना... ते माहीत नव्हतं. मलाच."

"मग तुम्ही काय सांगायचात?"

"नाही फसवणार," भूषण म्हणाला. "दोघांनाही."

पुढची गाडी हलली. ड्रायव्हरने मोबाइल खाली ठेवून इंजिन सुरू केलं. भूषणने डोळे मिटले. आज इतकं बोलून तो थकला होता. दीपालीने त्याचा उजवा, न हलणारा हात आपल्या मांडीवर घेतला आणि वारजं येईपर्यंत तसाच धरून ठेवला.